स्टॅनमोरच्या बंद गल्ल्या

शहर जुनं होत गेलं की त्याचे रस्ते आपोआप एकमेकांना जोडले जातात, असं आपण धरून चालतो. लंडनच्या वायव्य टोकाचं स्टॅनमोर वेगळंच सांगतं: तिथल्या कितीतरी गल्ल्या एका टोकाला बंदच आहेत. त्याच्या पूर्व कडेनं, ब्रॉकली हिलवरून सरळसोट उतरणारी वॉटलिंग स्ट्रीट रोमनांच्या काळातली. आज तिला ए-५ म्हणतात आणि हॅरो व बार्नेट या लंडनच्या दोन बरोंची हद्दही तीच. घरं पडतात, नवी उठतात. रस्त्याची आखणी मात्र सहसा हलत नाही, कारण ती बदलायची तर दोन्ही बाजूंच्या मालकांना जमीन सोडावी लागते. त्यामुळे पहिल्या दिवशी बंद ठेवलेलं तोंड बहुधा बंदच राहतं.

या बंद गल्ल्या मोटारींनी आणल्या, हेही अर्धंच खरं. जवळच्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्बसाठी १९०६ साली खास कायदा करून रस्त्यांच्या नियमांतून सूट मिळवली गेली आणि तिथे अशा गल्ल्या आखल्या गेल्या. तेव्हा मोटार ही श्रीमंतांची चैन होती. हवी होती ती शांतता, आणि रस्त्यावरच्या खर्चात बचत.

रेल्वे आली की सगळं जोडलं जातं, हा आणखी एक भ्रम. स्टॅनमोरची आजची लाइन १० डिसेंबर १९३२ रोजी सुरू झाली. लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच, आणि त्याची वास्तू असलेलं डॉलिस हिल आज याच, म्हणजे ज्युबिली लाइनवर, गाडी न बदलता गाठता येतं. पण शेजारच्या एजवेअरला जायचं तर? तेही ट्यूबचंच शेवटचं स्टेशन, पण दुसऱ्या लाइनचं. दोघांमध्ये रूळच नाहीत. बस पकडा, नाहीतर शहरात जाऊन उलटे या. जुना फाटा तर तुटलाच: १८९० साली हॅरोकडून आलेल्या लाइनचं स्टॅनमोर व्हिलेज स्टेशन १९५२ मध्ये बंद झालं. तिच्या काही भागावर आता बेलमाँट ट्रेल ही पायवाट आहे. म्हणजे गाडीची वाट संपली तरी पायांची संपतेच असं नाही, हे नकाशात गाडीचेच रस्ते पाहणाऱ्याला कळत नाही.

पसारा वाढतच जातो, हेही अटळ नव्हे. उत्तरेला बेंटली प्रायरी आणि स्टॅनमोर कॉमनच्या हिरव्या पट्ट्यापाशी लंडन थांबलं. अमेरिकेतही नव्या रस्त्यांचा तुटकपणा १९९४ च्या सुमारास कळसाला पोचला आणि मग उतरला, असं अभ्यासकांनी चौक मोजून दाखवलं. इंग्लंड आणि वेल्सची २००७ ची ‘मॅन्युअल फॉर स्ट्रीट्स’ ही मार्गदर्शिकाही जोडलेल्या रस्त्यांच्या बाजूची आहे, पण मुख्यतः नव्या वसाहतींसाठी. जुन्या गल्लीचं तोंड फोडायला निघालात, तर शांततेसाठीच तिथे घर घेतलेला माणूस आधी आडवा येईल.