चमचाभर साखर आणि पालाश

कोथरूडच्या घराघरांत सकाळच्या चहात पडणारी चमचाभर साखर साधारण ५ ग्रॅमची. तिच्यात रेणू किती? ८८ लिहा आणि पुढे २० शून्यं द्या. म्हणजे जवळजवळ नऊ कोटी गुणिले कोटी गुणिले कोटी. प्रत्येक रेणूत कार्बनचे १२ अणू, आणि ते सगळे हवेतून आलेले. हवेत कार्बन डायऑक्साइड इतका विरळ असतो, की तेवढ्या साखरेसाठी उसाच्या पानांना सुमारे १०,००० लिटर हवेतला सगळा कार्बन डायऑक्साइड ओढून घ्यावा लागतो.

साखर तयार होते पानात आणि आपल्याला हवी असते कांड्यात. मधली वाट रसवाहिन्यांची. त्यांतल्या रसाचा दाब बाहेरच्या हवेच्या दहापटीपर्यंत जातो आणि साखर तासाला साधारण १ मीटर सरकते. हा वेग संथ वाटेल, पण साखरेचा रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा. दर सेकंदाला तो स्वतःच्या लांबीच्या पावणेतीन लाख पट अंतर कापतो. कोथरूड डेपोतली १२ मीटर लांबीची बस याच हिशेबाने धावली, तर एका सेकंदात ३,३०० किलोमीटर जाईल. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आहे.

ही वाहतूक चालू राहते ती पालाशामुळे, म्हणजे शेतकरी ज्याला पोटॅश म्हणतो त्याच्यामुळे. नत्र प्रथिनांत बांधलं जातं. पालाश मात्र कशाचाच घटक न होता रसात विरघळलेला फिरत राहतो. साखर रसवाहिनीत चढवायला तो मदत करतो, आणि पाणी आत ओढून दाब टिकवतो. वनस्पतींतल्या ६० हून अधिक विकरांनाही तो लागतो.

हवाईतल्या ऊस संशोधक कॉन्स्टन्स हार्ट यांनी १९६०च्या दशकात किरणोत्सारी कार्बन वापरून पानातून निघालेल्या साखरेचा माग काढला. पालाश थोडा कमी पडला, तेव्हा पानं साखर पूर्वीसारखीच बनवत होती, पण ती बाहेर पडणं मंदावलं होतं. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. म्हणजे पालाशाच्या कमतरतेने जुन्या पानांच्या कडा करपलेल्या दिसेपर्यंत नुकसान सुरू होऊन गेलेलं असतं.

आता राज्याचा आकडा. २०२१-२२च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला गेला आणि १३७ लाख टन साखर निघाली. तिच्यातल्या रेणूंची संख्या २४ वर ३३ शून्यं. ही साखर रसवाहिन्यांच्या वाटेनेच कांड्यात आलेली. एक टन ऊस जमिनीतून साधारण १ ते अडीच किलो पालाश उचलतो. सरासरी न धरता कमीत कमी आकडा घेतला, तरी त्या एका हंगामात १.३ लाख टन पालाश शेतांतून गेला. हिशेब केला तर पालाशाच्या एका अणूमागे कारखान्यातून निघणाऱ्या साखरेचे ६ ते १४ रेणू येतात.

कारखान्यात मात्र हाच पालाश नडतो. रसात तो जास्त असला, तर साखरेचे दाणे नीट बांधले जात नाहीत आणि ती मळीत अडकून राहते. म्हणजे पालाश अति घालूनही चालत नाही. मळीपासून डिस्टिलरीत मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यात तो साठतो, आणि तिथून काढलेल्या पोटॅशला केंद्र सरकारने २०२१मध्ये खत अनुदानाच्या योजनेत घेतलं. पालाशाचं नेहमीचं खत, म्युरेट ऑफ पोटॅश, आपण जवळपास सगळंच परदेशातून आणतो, तेव्हा हा पालाश शेतात परतणं निकडीचं आहे.

युरिया स्वस्त, पोटॅश महाग. म्हणून हात आखडतो तो पोटॅशवरच. काळ्या जमिनीत पालाश भरपूर असतो, हा समजही त्यामागे आहे. पण दरवर्षी ऊस घेतला, तर तो साठा किती पुरणार? आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या उसाला हेक्टरी १७० किलो पालाशाची शिफारस आहे, म्हणजे एकरी सुमारे सव्वादोन पोती म्युरेट ऑफ पोटॅश. निम्मं लागणीच्या वेळी, निम्मं मोठ्या बांधणीला. कोथरूडमध्ये राहून बारामती, सातारा, सांगलीकडे ऊस असलेली घरं कमी नाहीत. पुढच्या वेळी गावी गेलात, की माती परीक्षणाचा अहवाल मागून घ्या आणि त्यातला पालाशाचा रकाना आधी वाचा.