मत कुजवू नका!

"एका मताने काय होते?" हा प्रश्न आमच्या भागात दर निवडणुकीला ऐकू येतो. विचारणारा शेतमजूर असतो, पदवीधर असतो आणि कधी कधी शासकीय नोकरही असतो. उत्तर द्यायला दिल्ली-मुंबईचा दाखला शोधण्याची गरज नाही. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या अर्जुनी मोरगाव (अनुसूचित जाती राखीव) मतदारसंघात मनोहर चंद्रिकापुरे यांना ७२,४०० मते मिळाली आणि राजकुमार बडोले यांना ७१,६८२. फरक झाला फक्त ७१८ मतांचा. आम्ही कारकुनी करणारी माणसे. आकडा दिसला की भागाकार करून पाहतो. तीनशे मतदान केंद्रे धरली तर एका केंद्रामागे अडीच मतांचाही फरक पडत नाही! म्हणजे प्रत्येक केंद्रावर एकाच घरातील आई, बाप आणि सून अशी तीन माणसे इकडची तिकडे झाली असती, तर अख्ख्या मतदारसंघाचा आमदार बदलला असता. कोण निवडून यायला हवे होते हा येथे प्रश्न नाही. आपल्या घरातील तीन मतांचे वजन किती असते, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे आहे.

हे वजन आपल्याला आयते मिळालेले नाही. इंग्रजांच्या राजवटीत मत होते ते जमीन, कर आणि शिक्षण असणाऱ्यांना. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याला मताची खरी गरज आहे ही गोष्ट बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्ष देताना मांडायला सुरुवात केली आणि सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. पुढे संविधानाच्या कलम ३२६ ने ती पूर्ण झाली. मोलकरणीचे मत आणि मालकिणीचे मत एकाच किमतीचे झाले. तेव्हा मतदाराचे वय २१ होते. १९८९ पासून ते १८ झाले.

आपल्याच जिल्ह्यातील निवडणूक

मताधिकार देणाऱ्या या महापुरुषाला त्याच मताने दोनदा पराभूत केले, आणि त्यातील एक पराभव आपल्याच मातीत झाला, हे आजच्या तरुण पिढीला फारसे माहीत नसते. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी आमचे प्रतापगड भंडारा जिल्ह्यात होते, आणि १९५४ साली भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. त्या साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. ती का झाली, हेही मतदाराने माहीत करून घेण्यासारखे आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. चतुर्भुज जसानी आणि तुलाराम साखरे निवडून आले. पण काही मतदारांनी निवडणूक अर्ज दाखल केला. लक्षात घ्या, ते बडे पुढारी नव्हते, मतदार होते. त्यांचे म्हणणे दोन गोष्टींचे होते. पहिली, जसानी भागीदार असलेल्या पेढीचा केंद्र सरकारशी विड्या पुरवण्याचा करार आहे, म्हणून ते उमेदवारीस अपात्र आहेत. दुसरी, गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेचा अर्ज चुकीने फेटाळला गेला. ठवरे महार समाजाचे, पण त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला म्हणून ते महार उरले नाहीत, असे ठरवून त्यांना बाजूला काढले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यायालयाने निकाल दिला : सरकारशी करार असणारा उमेदवार अपात्र, आणि पंथ बदलला तरी ठवरे समाजातून बाहेर गेले नव्हते, त्यांचा अर्ज फेटाळणे चूक होते. तेंदूपत्ता तोडणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या जिल्ह्यात विडीच्याच कराराने खासदारकी गेली! निवडणूक मतदानाच्या दिवशी संपत नाही, उमेदवाराच्या पात्रतेवर डोळा ठेवणे हेही मतदाराचे काम आहे, हा या प्रकरणाचा पहिला धडा.

दुसऱ्या मताचे काय करायचे?

रिकाम्या झालेल्या राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे स्वतः बाबासाहेब उभे राहिले. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. राखीव जागेवर काँग्रेसचे उमेदवार भाऊराव बोरकर होते.

त्या काळची पद्धत आजच्या मतदाराला समजावून सांगितली पाहिजे. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे आणि मतदाराने मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. कोणी दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या, तर एक मोजली जाई आणि दुसरी बाद होई. यालाच लोक 'मत कुजवणे' म्हणू लागले. आपल्या माणसाला एक मत द्यायचे आणि दुसरे मत कोणाच्याही कामी येऊ द्यायचे नाही, असा हा डाव.

या डावाची झळ बाबासाहेबांना आधीच लागली होती. १९५२ साली मुंबई शहर उत्तर मतदारसंघात नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. पराभव १४,५६१ मतांचा; आणि त्या निवडणुकीत बाद ठरलेली मते सत्तर हजारांहून अधिक! मतदारांना दुसरे मत कुजवायला शिकवले गेले, अशी तक्रार करणारा अर्ज बाबासाहेब आणि अशोक मेहता या दोघांनी मिळून केला होता.

भंडाऱ्यात तोच प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांपुढे आला. आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांचा आकडा वर राहील, असा विचार काहींनी मांडला. बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, मी पडलो तरी चालेल पण मत वाया घालवू नका असे बजावले, अशी आठवण त्या काळच्या कार्यकर्त्यांकडून सांगितली जात आली आहे. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले. त्यानंतर ते लोकसभेच्या निवडणुकीला उभे राहू शकले नाहीत. १९५६ साली त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

काही बांधव हा इतिहास सांगताना नुसते हळहळतात. आमचे म्हणणे असे की, हळहळण्यापेक्षा यातील शिस्त शिकावी. ज्याला जिंकण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याने मतदाराच्या हातातील दुसरे मत आपल्या फायद्यासाठी नासवू दिले नाही. १९५२ मध्ये दुसऱ्याने केले म्हणून ज्याची तक्रार केली, ते १९५४ मध्ये स्वतः केले नाही. नियम आपल्या सोयीचा असो वा नसो, तो सारखाच पाळायचा, यालाच आम्ही लोकशाही समजतो.

मत आजही कुजते

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. पण मत कुजवण्याचे प्रकार बंद झाले नाहीत, त्यांची रूपे बदलली.

पैसे, साडी किंवा दारू घेऊन दिलेले मत कुजते. भारतीय न्याय संहितेनुसार लाच देणारा जसा गुन्हेगार, तसाच घेणाराही. एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पाच वर्षांची सत्ता पाचशे रुपयांना दिली तर दिवसाला अठ्ठावीस पैसेसुद्धा पडत नाहीत. इतका तोट्याचा व्यवहार कोणत्याही खातेवहीत सापडणार नाही.

यादीत नाव नसल्याने मत कुजते. आमच्या भागातील कितीतरी कुटुंबे कामासाठी बाहेरगावी जातात आणि मतदानाच्या आदल्या दिवशी यादी आठवते. तेव्हा काहीही करता येत नाही. नवे नाव घालण्यासाठी नमुना ६, पत्ता बदलला किंवा नावात चूक असेल तर नमुना ८ भरावा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. त्या तारखेला १८ पूर्ण होणाऱ्या मुलामुलींची नावे घालता येतात. माहितीसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

घरातील बाईचे मत दुसऱ्याने ठरवले तरी ते कुजते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. आज आपल्या माताभगिनींचे नाव यादीत आहे. पण "कोणते बटन दाबू जी?" असे मालकाला विचारून त्या केंद्रावर जात असतील, तर नाव असून उपयोग काय? मत गुप्त आहे, ते नवऱ्यापासूनही गुप्त आहे. घरात चर्चा जरूर व्हावी. बटन मात्र जिचे तिने दाबावे.

वेळ चुकल्यानेही मत कुजते. आमच्या तालुक्यात सुरक्षेच्या कारणाने २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत मतदान सकाळी ७ ते दुपारी ३ एवढेच होते. लोकसभेचे मतदान १९ एप्रिलच्या उन्हात आणि विधानसभेचे २० नोव्हेंबरला, धान कापणीच्या दिवसांत. "दुपारचे काम उरकून जाऊ" म्हणणाऱ्याला दार बंद मिळते. ३ वाजता जो रांगेत उभा आहे त्याला मात्र मतदान करू दिले जाते, हेही माहीत असावे. २८ मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत यंत्रे बिघडल्याच्या तक्रारी झाल्या आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. अशा वेळी कंटाळून घरी बसणाऱ्याचे मत कोणी मोजत नाही.

आणि केंद्रावर गेल्यावर आपल्या नावाने दुसरेच कोणी मत देऊन गेल्याचे कळले, तर भांडून परत येऊ नका. ओळख पटवून केंद्राध्यक्षाकडे 'प्रदत्त मत' मागा. तो आपला हक्क आहे. बटन दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेत सुमारे सात सेकंद चिठ्ठी दिसते. आपले चिन्ह आले की नाही हे पाहूनच बाहेर या. एकही उमेदवार पटत नसेल तर २०१३ पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटनही आहे. घरी बसून राग धरण्यापेक्षा तो यंत्रात नोंदवलेला बरा.

ग्रामपंचायतीत तर १९५४ चाच प्रश्न आजही उभा राहतो. एका प्रभागात दोन किंवा तीन जागा असतात, त्यामुळे एकेका मतदाराला दोन-तीन मते द्यायची असतात, शिवाय सरपंचाचे वेगळे. "आपल्या माणसाला दिले, बाकीच्याशी आपल्याला काय करायचे?" असे म्हणून उरलेली बटने डोळे मिटून दाबली जातात. भंडाऱ्याची गोष्ट अशा वेळी घराघरांत सांगावी. दुसरे मतही पहिल्याइतकेच मोलाचे आहे. पाण्याची टाकी, रोजगार हमीचे काम आणि घरकुलाची यादी त्याच दुसऱ्या आणि तिसऱ्या मताने निवडलेल्या सदस्यांच्या हाती असते.

शेजारची वसाहत

प्रतापगड-गोठणगाव परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. हे आपले बौद्ध शेजारी. देश सोडून आलेल्या तिबेटी समाजाने २ सप्टेंबर १९६० रोजी आपल्या पहिल्या लोकप्रतिनिधींना शपथ दिली. २०११ मध्ये दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेत्याकडे सोपवले. त्यांच्या संसदेच्या ताब्यात एक एकरही तिबेट नाही. तरीही जगभर विखुरलेले तिबेटी, आपापल्या वसाहतींतून, तिच्यासाठी आणि आपल्या प्रमुखासाठी मतदान करतात. ज्यांच्या हातून देश गेला त्यांनी मत देण्याची सवय सोडली नाही. आपल्या हाती तर देशही आहे आणि मतही आहे. मग आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे की, एका मताने काय होते?

म्हणून आमची समाजबांधवांना आणि विशेषतः माताभगिनींना विनंती आहे. पुढची निवडणूक कोणतीही असो, तिची वाट पाहू नका. या आठवड्यात घरातील प्रत्येकाचे नाव मतदार यादीत तपासा. अठरा वर्षांची मुलगी असेल तर तिचा नमुना ६ तिच्याच हाताने भरून घ्या. कामासाठी बाहेरगावी असलेल्या मुलाला निरोप धाडा. दर बुद्धवंदनेनंतर विहारात पाच मिनिटे यादीचे वाचन होऊ द्या. ७१८ हा आकडा एखाद्या लहानशा गावाएवढाच आहे, हे विसरू नका.

जयभीम!