वाटीचं प्रमाण, पंगतीचं प्रमाण

मैत्रिणींनो, चार माणसांची आमटी छान जमते म्हणून चारशेंच्या पंगतीची जमेलच असं नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तिखट-मीठ शंभरपट करून भागत नाही. आच, भांडं, वेळ, सगळंच बदलतं. अगदी हीच अडचण सध्या शास्त्रज्ञांपुढे आहे, आणि तिचा संबंध थेट आपल्या घराच्या स्लॅबशी आहे!

सिमेंटसाठी चुनखडी भाजतात. भट्टीचा धूर होतोच, पण खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि तोच वाटा मोठा. म्हणजे उद्या भट्टी विजेवर चालवली तरी हा वायू निघणारच. माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा. मग तो धुराड्यातच पकडायला हवा.

अमाइन नावाच्या रसायनांनी तो पकडण्याची रीत १९३० पासून माहीत आहे. पण पकडलेला वायू सोडवायला ते द्रावण सारखं तापवावं लागतं, इंधन फार जळतं. त्यावर नवा उपाय म्हणजे ‘मॉफ’. धातू आणि सेंद्रिय रेणूंची ही जाळी. घावनाला पडते तशी, पण डोळ्यांना न दिसणारी. यातल्या एका मॉफची दोन-तीन ग्रॅम पूड घेतली, तर तिच्या आतला पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरतो! या शोधासाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना २०२५ चं नोबेल मिळालं.

मग घोडं अडलं कुठे? प्रयोगशाळेत हजारो मॉफ तयार झाले, पण बरेचसे पावसाळ्यातल्या पापडासारखे सादळतात. धुरातली वाफ आधी शोषतात, वायूला जागाच उरत नाही. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने केलेला ‘काल्फ-२०’ मात्र वाफेत टिकतो. त्याचं मुख्य सामानही साधंच: जस्त, ऑक्झॅलेट आणि ट्रायझोल. स्वान्ते कंपनीने तो कॅनडातल्याच एका सिमेंट कारखान्याच्या धुरावर वापरून पाहिला. २०२३ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने तो वर्षाला शेकडो टन बनवायची तयारी झाल्याचं जाहीर केलं. वाटीतला पदार्थ पंगतीपर्यंत आला म्हणायचा!

मला नोबेलइतकंच कौतुक या दुसऱ्या कामाचं वाटतं. स्वस्तात, रोज, न बिघडता करून दाखवणं सोपं का असतं? आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतही कार्बन पकडण्यावर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्र आहे.

पण पकडलेला वायू जमिनीखाली साठवायचा किंवा वापरात आणायचा, तर खर्च येणारच. तो कारखान्याने सोसायचा, सरकारने, की गोणीमागे आपण? पाऊस लहरी झाला की पाण्याची, भाजीची झळ आधी आपल्याच घराला लागते. म्हणून या हिशेबाला आपणही बसायला हवं. घरखर्चाचा मेळ घालणाऱ्या बायकांना हे गणित जड नाही!