वळवाच्या पहिल्या पावसाची वाट पाहणारा भुंगेरा

मे-जूनमध्ये वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की तिन्हीसांजेला घरांच्या आणि रस्त्यांच्या दिव्यांवर तपकिरी भुंगेरे येऊन धडकू लागतात. उताणे पडून पाय झाडणारा हा कीटक शहरवासीयांना चार दिवसांचा उपद्रव वाटतो आणि सकाळी केरसुणीने तो बाहेर जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचे अहमदनगर) राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, कोपरगाव या ऊसपट्ट्यात मात्र त्याच्या आगमनाकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते. कारण दिव्यावर येणारा भुंगेरा आणि उसाच्या मुळ्या कुरतडणारी पांढरी हुमणी हे दोन वेगळे जीव नाहीत. एकाच कीटकाच्या या दोन अवस्था आहेत.

शास्त्रज्ञ त्याला होलोट्रॅकिया सेराटा म्हणतात. प्राचीन इजिप्तमध्ये पवित्र मानला गेलेला, शेणाचा गोळा लोटत नेणारा किडा ज्या स्कॅरॅबिडी कुळातील, त्याच कुळात हुमणीचा समावेश होतो. शेणकिडा जमिनीचा मित्र, तर हा त्याचा भाऊबंद पिकाचा शत्रू. महाराष्ट्रात हुमणीच्या अनेक जाती असल्या, तरी शेतकऱ्यांच्या बोलण्यात प्रामुख्याने दोन येतात. लिकोफोलिस ही नदीकाठची हुमणी दक्षिण महाराष्ट्रात कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात अधिक आढळते. होलोट्रॅकिया ही माळावरची हुमणी होय. नगरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात, जेथे हलक्या-मध्यम जमिनी आणि बांधावर कडुलिंब-बाभळी आहेत, तेथे तिला हवे ते सारे मिळते.

भुंगेऱ्याच्या शरीराची ठेवण पाहिली, की त्याच्या जीवनक्रमाचा उलगडा होतो. सुमारे दोन सेंटिमीटर लांबीच्या या कीटकाचे वरचे पंख टणक, ढालीसारखे असून उडण्यासाठी लागणारे नाजूक पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. पुढचे पाय माती उकरण्यासाठी दातेरी बनलेले आहेत. मिशांच्या टोकाला पातळ पाकळ्यांची चवड असते. ती पंख्यासारखी उघडते आणि हवेतील गंध टिपते. अंधारात जोडीदार आणि खाद्यवृक्ष शोधण्यास हा गंधच उपयोगी पडतो.

अळीचे रूप अगदी निराळे असते. शरीर मांसल, पांढरट आणि इंग्रजी ‘सी’ अक्षराप्रमाणे वाकलेले, डोके तपकिरी, जबडे बळकट आणि पाय तीन जोड्या. पोटाचा मागचा भाग काळपट दिसतो. तेथील फुगीर आतड्यात माती व मुळ्यांचा चोथा साठलेला असतो आणि सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने त्याचे पचन होते. कोणती अळी कोणत्या जातीची, हे शेवटच्या खंडावरील राठ केसांच्या मांडणीवरून ठरविता येते. उकिरड्यात सापडणारी प्रत्येक जाड पांढरी अळी हुमणीच असते असे नाही. गेंडा भुंग्याची अळीही तेथे वाढते.

पावसाने जमीन भिजली, की सायंकाळी सात-साडेसातच्या सुमारास भुंगेरे मातीतून बाहेर पडतात. रात्रभर कडुलिंब, बाभूळ, बोर यांचा पाला खातात, त्याच झाडांवर त्यांचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. मादी ओलसर जमिनीत काही इंच खोलीवर साबुदाण्यासारखी अंडी एकेक करून घालते. एका मादीपासून साधारणतः ५० ते ६० अंडी मिळतात. अंड्यातून निघालेली अळी प्रथम सेंद्रिय पदार्थांवर आणि कोवळ्या मुळ्यांवर जगते. दोनदा कात टाकल्यावर तिची भूक वाढते. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा खऱ्या नुकसानीचा काळ. पाने पिवळी पडतात, पाण्याचा ताण बसल्यासारखा ऊस वाळू लागतो आणि हाताने ओढताच अख्खे बेट उपटून येते. तोवर फार उशीर झालेला असतो.

हे नुकसान एकट्या शेतकऱ्यापुरते राहत नाही. ज्या जिल्ह्यात १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेथील अर्थकारण आजही मोठ्या प्रमाणात उसावर चालते. २०१८ मध्ये महाराष्ट्रात हुमणीचा उद्रेक झाला, तेव्हा ‘इस्मा’ या साखर उद्योगाच्या संघटनेने २०१८-१९ च्या हंगामातील देशाच्या साखर उत्पादनाचा सुमारे ३५० लाख टनांचा अंदाज ३१५ लाख टनांवर आणला. त्यासाठी दिलेल्या कारणांत अपुऱ्या पावसाबरोबर हुमणीचाही उल्लेख होता. प्रत्यक्षात उत्पादन त्याहून अधिक झाले, ही गोष्ट वेगळी. पण मातीतील एका अळीची दखल राष्ट्रीय आकडेवारीत घेतली गेली.

ऊस वाळू लागल्यावर मुळाशी कीटकनाशक टाकण्याची धावपळ ही नेहमीची. मोठी झालेली अळी खोलवर असते आणि उंच वाढलेल्या उसात शिरून औषध तिच्यापर्यंत पोहोचविणे जिकिरीचे ठरते. पूर्वी सर्रास वापरले जाणारे फोरेट हे अतिविषारी दाणेदार औषध ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाले आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ मेटारायझियम या बुरशीची शिफारस करते. बुरशीचे बीजाणू अळीच्या कातडीवर रुजतात, आत शिरतात आणि मेलेल्या अळीवर हिरवट थर दिसू लागतो. मात्र त्यासाठी जमिनीत ओल हवी आणि अळी लहान असावी लागते.

यापेक्षा स्वस्त उपाय भुंगेऱ्यांच्या त्या मोजक्या रात्रींत दडलेला आहे. रात्री आठ-नऊच्या सुमारास बांधावरच्या कडुलिंबाच्या, बाभळीच्या फांद्या हलविल्या, की भुंगेरे टपाटप खाली पडतात. ते गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे, प्रकाश सापळे लावायचे, एवढेच. अंडी घालण्यापूर्वी एक मादी मारली, तर पन्नासेक अळ्यांचा प्रश्न मिटतो. अडचण एकच, की भुंगेरा बांध ओळखत नाही. एकाने आपली झाडे झाडली आणि शेजाऱ्याने झाडली नाहीत, तर उपयोग थोडाच. म्हणूनच हे काम गावाने एकाच वेळी, सलग काही रात्री करावे लागते. पेरणीच्या घाईत नेमके तेच राहून जाते.

पाऊस संपल्यावर अळी फूट-दोन फूट खोल जाऊन मातीचे घर करते आणि त्यात कोष बनविते. हिवाळ्यातच कोषातून पूर्ण वाढलेला भुंगेरा तयार होतो, पण बाहेर येत नाही. पुढच्या वळवापर्यंत काही महिने तो उपाशी, निश्चल पडून राहतो. ऊस गेल्यावर शेताची खोल नांगरट झाली, तर हेच भुंगेरे उघड्यावर येतात आणि नांगरामागून चालणारे बगळे, कावळे, साळुंक्या त्यांचा फडशा पाडतात. ज्या शेतात खोडवा ठेवला जातो, तेथे नांगर लागतच नाही.