वाइनच्या पिंपातली व्हिस्की आणि आपली मळी

सभासद बंधूंनो, या पानावर एरवी आम्ही लागण, खोडवा, पाचट आणि हुमणी यांबद्दल लिहितो. या अंकात दारूबद्दल लिहीत आहोत, याचे नवल वाटेल. पण निमित्त आपल्याच वार्षिक सभेत घडले. एक ज्येष्ठ सभासद उभे राहून म्हणाले, "आपल्या मळीचं स्पिरिट टँकरनं जातं आणि कुठंतरी बाटलीत भरून हजारोंना विकलं जातं. मग आपणच का भरत नाही?" टाळ्या जोरात पडल्या. उत्तर मात्र कोणाकडे धड नव्हते. आमच्याकडे तर नव्हतेच.

ते थोडेफार सापडले नागपुरात, प्रतापनगरला. कामानिमित्त नागपूरला गेलो की आम्ही मावसभावाकडे उतरतो. त्यांचा मुलगा नोकरीसाठी स्वीडनला असतो, तो सुटीवर आला होता. त्याने जपून ठेवलेल्या दोन बाटल्या आणल्या होत्या. एक स्वीडनच्या मॅकमायरा कंपनीची, दुसरी आपल्या बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीजची. (आमच्याजवळ परवाना आहे, हे आधीच नमूद करतो. गैरसमज नको.) "काका, तुमच्या कारखान्याचा माल नाही यात," तो म्हणाला, "पण घेऊन तर पाहा." वहिनी आतून म्हणाल्या, "आधी जेवून घ्या बाप्पा, मग काय ते करा."

जेवणाआधीच बसलो. असो.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच ठिकाणी, केवळ मोड आणलेल्या सातूपासून काढलेली व्हिस्की. मटकीला आणतो तसे सातूला मोड आणायचे, म्हणजे दाण्यातल्या पिष्टाची साखर होण्याची तयारी होते. मग ते वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात साखर उतरवायची, यीस्ट घालून आंबवायचे आणि तांब्याच्या भांड्यांतून अर्क काढायचा. इथवर आपल्या आसवनीतल्या माणसाला फारसे नवे काही नाही. पण युरोपचा कायदा कडक. व्हिस्की म्हणायचे तर ती धान्याचीच हवी आणि लाकडी पिंपात निदान ३ वर्षे मुरलेली हवी. आपल्याकडे स्वस्त व्हिस्कीत मळीचे स्पिरिट सर्रास असते. तो माल तिकडच्या दुकानात व्हिस्की या नावाने उभाही राहू शकत नाही. उसापासूनची ती रम. म्हणजे आपल्या सभासदांच्या प्रश्नात पहिली अडचण नावाचीच निघाली.

स्वीडनच्या बाटलीवर नाव होते स्कोर्डेटिड. म्हणजे सुगी, पुतण्याने सांगितले. ही व्हिस्की शेवटी काही काळ इटलीतल्या आमारोने वाइनच्या रिकाम्या पिंपांत ठेवलेली. या वाइनची द्राक्षे तोडल्यावर लगेच गाळत नाहीत, काही महिने सुकवतात. तासगावकडे बेदाण्याची द्राक्षे शेडमध्ये सुकवतात, त्यातलाच प्रकार. अशी वाइन पिंपाच्या लाकडात मुरते आणि मागून आलेली व्हिस्की ती थोडी थोडी ओढून घेते. रंग तांबूस. वास घेतला तर आधी बेदाणा, मग आलुबुखार, मग ओल्या लाकडाचा. तीव्रता ४६.१ टक्के. चव गोडसर लागली, पण साखरेची गोडी नव्हे. शेवटी जिभेवर किंचित तुरटपणा राहिला, जांभूळ खाल्ल्यावर राहतो तसा. आम्हाला आवडली.

दुसरी बाटली पोर्टोनोव्हा. ही पोर्तुगालच्या पोर्ट वाइनच्या पिंपांत मुरवलेली, आणि तीव्रता ६२.१ टक्के. पुतण्या पाण्याचा तांब्या पुढे करीत होता, तो न पाहता आम्ही घोट घेतला. ठसका असा लागला की वहिनी बाहेर आल्या. पाणी घातल्यावर मात्र ती उलगडली. काकवीचा वास, सुपारी, भाजलेला मसाला. खरे सांगायचे तर ही आम्हाला स्वीडनच्या बाटलीपेक्षा सरस वाटली, आणि त्यात देशाभिमान किती व चव किती हे सांगता येणार नाही. अमृतची स्थापना १९४८ ची, जगदाळे घराण्याची; आडनाव आपल्या ओळखीचे आहे. २००४ साली या लोकांनी आपली सिंगल माल्ट प्रथम कुठे विकायला नेली, तर स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोला!

आता हिशेब. आपल्या एक टन उसातून ४० ते ४५ किलो मळी निघते आणि तिच्यापासून सुमारे ९ ते १० लिटर अल्कोहोल. कच्च्या मालात आपण कमी नाही. बाटलीची किंमत येते ती लाकडातून आणि थांबण्यातून. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातला माल वर्षाला सुमारे २ टक्के हवेत उडून जातो. आपल्या हवेत तो ८ ते १० टक्के जातो. २०० लिटरचे पिंप दरसाल १० टक्क्यांनी घटले तर ५ वर्षांनी ११८ लिटर उरते. उष्णतेने माल लवकर मुरतो, हा फायदा आहे. पण मे महिन्यातला नागपूरचा पारा आठवून पाहा. गोदाम कसे बांधायचे, हाच एक प्रकल्प होईल.

आम्हाला त्या रात्री सर्वांत जास्त खटकले ते वेगळेच. सातूचे पीक चार महिन्यांचे, पण त्याचा अर्क पाच-दहा वर्षे पडून राहतो आणि पडून राहिल्यानेच महाग होतो. आपला ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो, आणि कोयता लागल्यापासून आपली पळापळ सुरू होते. तोडलेला ऊस फडात राहिला की वजन घटते, उतारा घटतो. चिटबॉयपासून चीफ केमिस्टपर्यंत आपण सगळे उशिराला घाबरणारे लोक. शिवाय १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे १४ दिवसांत द्यायचे. पिंपात अडकलेला पैसा बँकेचे व्याज खाणार आणि पहिला हप्ता मागायला सभासद गेटवर उभे राहणार.

आणि थांबणाऱ्यांचे सगळे बरे चालते असेही नाही. १९९९ साली आठ मित्रांनी काढलेली मॅकमायरा, जिची बाटली आमच्यासमोर होती, ती कंपनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरीत गेली. मालाचे नाव जगभर, तरीही.

उलट बाजूचे उदाहरणही देणे भाग आहे. हरियाणात कर्नाल जिल्ह्यात साखर कारखाना चालवणाऱ्या पिकाडिली अ‍ॅग्रोने इंद्री नावाची सिंगल माल्ट २०२१ साली बाजारात आणली. तिच्यासाठीही फ्रेंच वाइनची पिंपे वापरतात. म्हणजे साखरवाल्याला हे जमतच नाही, असे म्हणता येत नाही. पण ती कंपनी आहे. तिला गटवार सभा घेऊन सभासदांना समजावत बसावे लागत नाही.

आमचे मत विचाराल तर व्हिस्कीच्या नादाला आपण लागू नये. सातू आपले पीकही नाही. रमचा विचार करता येईल. अमृतची टू इंडीज नावाची रम आहे, तिच्यात गुळापासून काढलेली रम वापरतात. आणि ओक लाकडाची वाइनची पिंपे काही इटलीहूनच आणायला हवीत असे नाही. नाशिककडच्या वायनरीत ती असतात, आणि काही हंगामांनी त्यांना ती बदलावी लागतात. नियमांत बसत असेल तर दहा-वीस पिंपे भरून ठेवावीत. बाकीचे स्पिरिट जाते तिकडे, पेट्रोलमध्ये मिसळायला, जाऊ द्यावे. दहा-वीस पिंपांपायी हप्ता अडणार नाही.

परत आल्यावर त्या ज्येष्ठ सभासदांना गाठून आम्ही हे सारे सांगितले. ते बांधावर बसून शांतपणे ऐकत होते. ११८ लिटरच्या हिशेबावर थांबले आणि म्हणाले, "साहेब, हवेत गेलेला माल कोणाच्या खात्यावर टाकणार?" हा प्रश्न आम्ही चीफ अकाउंटंट साहेबांकडे पाठवला आहे.