हिवाळी रस्त्यावरील पकड आणि डिकीतील भार : मागील चाकांवर चालणाऱ्या मोटारीचा यामिकीय विचार

बीजसंज्ञा : घर्षण, चाकांवरील भार, पकड, थांबण्याचे अंतर, हिवाळी टायर

प्रस्तावना :

अमेरिकेतील मिनेसोटा, मिशिगन यांसारख्या राज्यांत आणि कॅनडातील ऑन्टारिओ, क्यूबेक या प्रांतांत हिवाळ्यात रस्ते दीर्घकाळ बर्फाच्छादित असतात. तेथे हिवाळा सुरू होताच मोटारीच्या डिकीत वाळूच्या पिशव्या ठेवण्याची प्रथा जुनी आहे. त्यासाठी सुमारे २७ किलोग्रॅम, म्हणजे ६० पौंड वजनाच्या लांबट पिशव्या दुकानांत विक्रीस असतात. १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेतील बहुसंख्य मोटारींचे इंजिन पुढे असे आणि गती मागील चाकांना मिळे. या रचनेतूनच सदर प्रथा रूढ झाली. पुढे पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारींचा प्रसार झाला. तथापि पिकअप ट्रक आणि अनेक प्रकारच्या मोटारी आजही मागील चाकांवर चालतात. भारतीय वाचकांस ही रचना ॲम्बेसेडरमुळे परिचित आहे. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० मात्र पुढील चाकांवर चालणारी होती.

महाराष्ट्रातून उच्च शिक्षणासाठी या शीत प्रदेशांत जाणारे विद्यार्थी बर्फावर मोटार चालविण्याचा पूर्वानुभव नसताना अनेकदा जुनी मोटार विकत घेतात आणि ‘डिकीत वजन टाका’ हा सल्ला त्यांच्या कानी पडतो. हा सल्ला कितपत खरा आहे आणि कोठे अपुरा पडतो, हे यामिकीच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

१. पकडीचे मूळ :

टायर आणि रस्ता यांच्यातील कमाल घर्षणबल दोन घटकांवर अवलंबून असते : चाकावरील भार आणि त्या दोन पृष्ठभागांचा घर्षणगुणांक. गीयोम आमाँताँ याने १६९९ मध्ये मांडलेला आणि कूलाँ याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अधिक तपशिलाने अभ्यासलेला हाच नियम होय. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा गुणांक ०.७ किंवा त्याहून अधिक असतो. दाबल्या गेलेल्या बर्फावर तो साधारणतः ०.२ ते ०.३ पर्यंत उतरतो, तर गुळगुळीत हिमावर ०.१ किंवा त्याहूनही कमी होतो. इंजिन कितीही शक्तिशाली असले तरी या मर्यादेपलीकडचे बल रस्त्यावर पोहोचत नाही. चाक केवळ जागच्या जागी फिरते.

इंजिन पुढे असल्यामुळे अशा मोटारीच्या एकूण भारापैकी निम्म्याहून अधिक भार पुढील चाकांवर पडतो. रिकाम्या पिकअप ट्रकमध्ये ही विषमता अधिक ठळक असते. म्हणजे जी चाके गाडी ढकलतात, त्यांच्यावरच भार कमी असतो. डिकीतील वाळू ही उणीव भरून काढते.

२. लाभाचे परिमाण :

उदाहरणादाखल १,६०० किलोग्रॅमची मोटार घेऊ. तिचा ४५ टक्के भार, म्हणजे ७२० किलोग्रॅम, मागील चाकांवर आहे आणि घर्षणगुणांक ०.२ आहे. चढावर मागे सरकणारा भार आणि बर्फाचा रोध हे घटक सोयीसाठी वगळल्यास, ही मोटार १०० मीटर अंतरात सुमारे ९ मीटर उंची गाठणारा चढ चढू शकेल. आता मागील ॲक्सलच्या बरोबर वर १०० किलोग्रॅम वाळू ठेवली, तर मागील भार ८२० आणि एकूण भार १,७०० किलोग्रॅम होईल. चढाची मर्यादा सुमारे ९.६ मीटरवर जाईल. लाभ खरा आहे, परंतु तो सुमारे ७ टक्क्यांचाच आहे. शिवाय भार वाढत जातो तसा रबराचा घर्षणगुणांक किंचित घटत असल्याने प्रत्यक्ष लाभ याहून थोडा कमीच मिळतो.

याउलट भार न वाढविता योग्य टायरमुळे गुणांक ०.२ वरून ०.३ झाला, असे मानल्यास हीच मर्यादा १३.५ मीटर होते. म्हणजे लाभ ५० टक्क्यांचा ठरतो.

३. थांबणे आणि वळणे :

सल्ल्यातील खरी उणीव येथे दिसते. ब्रेक चारही चाकांवर लागतात. भार वाढला की घर्षणबल वाढते, पण थांबवावयाचे वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढते. परिणामी थांबण्याचे अंतर घटत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीस ०.२ गुणांकाच्या बर्फावर पूर्ण थांबण्यास ब्रेक लागल्यापासून सुमारे ४९ मीटर लागतात. डिकी रिकामी असो वा भरलेली, या हिशेबात फरक पडत नाही. गुणांक ०.३ असेल तर मात्र तेच अंतर सुमारे ३३ मीटर होते.

वळणावर परिस्थिती अधिक नाजूक होते. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की ती उलाळ होते, म्हणजे मागे झुकून पुढून उचलली जाते. तोच न्याय येथे सौम्य स्वरूपात लागू पडतो. पुढील व मागील चाकांत २.८ मीटर अंतर असलेल्या मोटारीत १०० किलोग्रॅम भार मागील ॲक्सलच्या १ मीटर मागे ठेवल्यास मागील चाकांवर सुमारे १३६ किलोग्रॅम भार वाढतो आणि पुढील चाकांवरील सुमारे ३६ किलोग्रॅम भार हलका होतो. ढकलण्याची शक्ती वाढते, परंतु दिशा देणाऱ्या चाकांची पकड घटते. तसेच वळणावर मोटारीचा मागील भाग बाहेर घसरू लागल्यास तेथील जास्तीचे वस्तुमान त्याला आवरणे कठीण करते.

थोडक्यात, वाळूमुळे गाडी सहज निघते. त्यामुळे ती तितक्याच सहज थांबेल, असा चालकाचा ग्रह होणे हाच या उपायातील मुख्य धोका होय.

४. व्यवहारातील दक्षता :

भार ठेवावयाचाच असल्यास तो मागील ॲक्सलच्या शक्य तितका जवळ आणि खालच्या पातळीवर असावा. तो घट्ट बांधणे अनिवार्य आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या मोटारीतील सुट्या पिशवीची गतिज ऊर्जा ती सुमारे १० मीटर उंचीवरून पडल्यावर मिळणाऱ्या ऊर्जेइतकी असते. टक्कर झाल्यास हा आघात प्रवाशांवर होऊ शकतो. अमेरिकेत प्रवासी व सामान यांची एकत्रित भारमर्यादा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर नमूद असते. वाळूचे वजन तीतून वजा धरावे लागते. वाळू कोरडी असावी, कारण ओली वाळू गोठून दगडासारखी होते. कोरडी वाळू अडकलेल्या चाकांखाली पसरता येते. हा तिचा दुसरा, अनेकदा अधिक मोलाचा उपयोग होय.

मुख्य उपाय मात्र हिवाळी टायर हाच आहे. त्याचे रबर थंडीतही लवचीक राहते आणि त्यावरील बारीक चिरा बर्फास धरून ठेवतात. क्यूबेक प्रांताने २००८ पासून असे टायर कायद्याने बंधनकारक केले. अमेरिकेत २०१२ सालच्या प्रतिकृतींपासून हलक्या वाहनांत इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण आवश्यक ठरले. ही प्रणाली उपलब्ध पकडीचा उत्तम वापर करते. ती नवी पकड निर्माण करू शकत नाही.

निष्कर्ष :

१. डिकीतील भारामुळे मागील चाकांची पकड वाढते. हा लोकानुभव शास्त्रसंमत, परंतु मर्यादित आहे.
२. हा लाभ गती घेण्यापुरताच आहे. थांबण्याचे अंतर त्यामुळे कमी होत नाही आणि वळणावरील नियंत्रण बिघडू शकते.
३. टायरमुळे घर्षणगुणांकच वाढत असल्याने निघणे, वळणे व थांबणे या तिन्ही क्रियांना लाभ होतो. म्हणून नवागत चालकाने प्रथम टायर, नंतर वेगमर्यादा आणि शेवटी वाळू असा क्रम ठेवणे हितावह ठरते.