नकाशा आधी, गावं नंतर

लेखमाला : पाण्याखालचा देश – लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण आफस्लाउटडाइकपाशी थांबलो होतो. १९३२ मध्ये हा ३२ किलोमीटरचा बांध पुरा झाला, झाउडरझे या खाऱ्या उपसागराचं तोंड बंद झालं आणि आत आयसलमेर हे गोड्या पाण्याचं तळं तयार झालं. पण कॉर्नेलिस लेलीच्या आराखड्यात बांध हे निम्मंच काम होतं. या तळ्याचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा उपसून त्याचा कोरडा पोल्डर करायचा आणि तिथे शेती उभी करायची, हे उरलेलं निम्मं. त्यातलाच एक तुकडा म्हणजे नोर्डओस्टपोल्डर. साधारण ४८ हजार हेक्टर जमीन, सुमारे ५० हजार वस्ती, एक छोटं शहर आणि त्याच्याभोवती दहा खेडी. ही नगरपालिका फ्लेवोलंड प्रांतात मोडते आणि तिचा बहुतेक भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे.

इथला बांध बांधला जात असतानाच महायुद्ध आलं. ऑक्टोबर १९३९ मध्ये लेमरहून निघालेला बांध उर्क या बेटापर्यंत पोचला आणि शतकानुशतकं बेट असलेलं उर्क एका दिवसात मुख्य भूमीला जोडलं गेलं. (उर्कच्या मच्छीमारांना हे मानवलं नाही. त्यांची नगरपालिका आजही वेगळी आहे आणि शेजारी शेती असूनही गाव मासेमारीवरच जगतं.) पुढच्या मे महिन्यात जर्मनांनी देश घेतला, तरी काम थांबलं नाही. धान्य पिकवणारी नवी जमीन त्यांनाही हवीच होती. डिसेंबर १९४० मध्ये बांधाची शेवटची फट बुजली, लेमर, उर्क आणि फोलनहोव इथल्या पंपांनी उपसा सुरू केला आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोल्डर कोरडा झाल्याचं जाहीर झालं.

कोरडा म्हणजे काय, तर नजर जाईल तिथपर्यंत चिखल. तो वाळावा म्हणून त्यात हजारो चर खणावे लागले, तेही बहुतांशी फावड्यानं. त्यासाठी मजुरांच्या बराकी उभ्या राहिल्या. जर्मनीतल्या सक्तीच्या मजुरीतून सुटू पाहणाऱ्या तरुणांना लपायला याहून सोयीची जागा नव्हती. पोल्डरवर काम करतोय म्हटलं की सूट मिळायची आणि या विस्तीर्ण चिखलात कोण कुठे आहे हे तपासणार कोण? शेवटी नोव्हेंबर १९४४ मध्ये जर्मनांनी छापा घातला आणि शेकडो जणांना धरून नेलं.

युद्ध संपलं आणि वसाहतीचं काम वेगानं सुरू झालं. जमीन सरकारची, शेतकरी खंडकरी. शेतं १२, २४, ३६, ४८ हेक्टर अशी मोजून पाडलेली, आणि काँक्रीटचे साचेबंद भाग कारखान्यात ओतून, जागेवर जोडून उभारलेली शेकडो कोठारं. अर्ज जागांच्या कित्येक पट आले. मग निवड. अर्जदाराकडे भांडवल किती, शेतीचा अनुभव किती, वय काय, लग्न झालंय का, धर्म कोणता, हे सगळं पाहिलं जाई. धर्म यासाठी की कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पंथांचं देशातलं प्रमाण इथेही राखायचं होतं. त्यावरही भागलं नाही तर निरीक्षक अर्जदाराच्या घरी जाऊन गोठा बघत, आणि बायकोनं घर कसं ठेवलंय तेही बघत. चिखलात चर खणणाऱ्या जुन्या मजुरांना अग्रक्रमाचं आश्वासन होतं. पण १९५३ च्या महापुरानंतर झेलंडमधल्या काही शेतकऱ्यांनाही इथेच जमिनी देण्यात आल्या आणि रांगेत थांबलेल्या अनेकांच्या हाती काही लागलं नाही. मला या योजनेतली ही बाजू सर्वांत खटकते. माती निवडता येत नाही म्हणून माणसं निवडली, आणि ज्यांनी माती घडवली त्यांनाच कसोटीला लावलं.

कारभारही तसाच वरून चाललेला. सुरुवातीची वीस वर्षं इथे निवडून आलेली परिषद नव्हती, सरकारनं नेमलेला अधिकारी सर्वेसर्वा होता. सिक्के स्मेडिंग यांनी ते पद बराच काळ सांभाळलं. १ जुलै १९६२ रोजी रीतसर नगरपालिका आली, तेव्हा कुठे इथल्या लोकांना आपल्या गावाबद्दल मत देता आलं.

आता गावांकडे येऊ. मधोमध एमेलोर्ड आणि घड्याळाच्या तबकडीवरल्या आकड्यांसारखी भोवती मार्कनेसे, क्राखनबर्ख, एन्स, नाखेले, टोलेबेक, एस्पेल, क्राइल, रुटन, बांट आणि लुटलखेस्ट. अंतरं ठरवली ती सायकलवरून. शेतमजुरानं सकाळी सायकलनं शेतावर जावं, संध्याकाळी परतावं, त्याच्या पोरांनी सायकलनं शाळेत जावं, हा हिशोब. हिशोब कागदावर चोख होता, पण गावं बांधून होईतो शेतात ट्रॅक्टर आले आणि घरापुढे मोटारी. मजूर लागेनासे झाले. मोटार असलेला माणूस खेड्यातल्या दुकानाऐवजी थेट एमेलोर्ड गाठू लागला. खेडी ठरवल्यापेक्षा लहानच राहिली. शिवाय बऱ्याच खेड्यांत वेगवेगळ्या गटांसाठी तीन चर्च आणि तीन शाळा. ज्या गावाला एक शाळा नीट चालवणं जड, तिथे तीन!

या दहांपैकी एकाच खेड्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करावी असं मी म्हणेन, ते नाखेले. पोल्डरमधली बाकीची खेडी उतरत्या कौलांची, जुन्या डच वळणाची. नाखेलेत एकही उतरतं छप्पर नाही. हे गाव आम्ही आखतो म्हणून अॅमस्टरडॅम आणि रॉटरडॅममधले आधुनिकतावादी वास्तुरचनाकार पुढे आले. खेरिट रीटफेल्ट, आल्डो फान आइक, कॉर्नेलिस फान एस्टरन ही त्यातली ठळक नावं, आणि झाडांची मांडणी मीन राउस यांची. मध्यभागी चौक नाही, बाजार नाही, तर एक प्रचंड हिरवळ. तिच्यावर शाळा आणि चर्च, भोवती सपाट छपरांच्या घरांचे गट आणि या सगळ्याला वाऱ्यापासून आडोसा म्हणून झाडांचा पट्टा. फान एस्टरन ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अनेक वर्षं अध्यक्ष होते, तिचेच एक आधारस्तंभ चंदीगडचे रचनाकार ल कॉर्बुझिए. त्यामुळे चंदीगड आणि नाखेले हे एकाच विचाराचे दोन नातेवाईक, फक्त एक राजधानी आणि दुसरं काही हजारांचंही नसलेलं खेडं. सुंदर आहे का? छायाचित्रात आहे. नोव्हेंबरच्या वाऱ्यात त्या मोकळ्या हिरवळीवर उभं राहणाऱ्याचं मत बदलू शकतं.

या भागातली सर्वांत जुनी जागा मात्र कुणीच आखलेली नाही. एन्सजवळ सपाट शेतात एक लांबट, अरुंद उंचवटा दिसतो. तो स्खोकलंड. समुद्र होता तेव्हाचं हे बेट. उत्तरेला एमेलोर्ड ही कॅथलिक वस्ती, दक्षिणेला एन्स ही प्रोटेस्टंट. नव्या शहराची आणि खेड्याची नावं इथूनच आली. लाटा दरवर्षी काठ कुरतडत होत्या, १८२५ च्या पुरानं बेटाचं कंबरडं मोडलं, गरिबी वाढली आणि शेवटी १८५९ मध्ये सरकारनं बेट रिकामं करायला लावलं. साधारण साडेसहाशे माणसं काम्पन, फोलनहोव, फोलेनडाम अशा गावांत पांगली. १८३४ मध्ये बांधलेलं चर्च अजून उभं आहे. त्याच्या पायथ्याशी लाटा अडवणारी लाकडी मेढ्यांची भिंत आहे, आणि तिच्यापलीकडे आता बटाटे आणि कांदे. १९९५ मध्ये स्खोकलंड युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. नेदरलंड्समधून यादीत गेलेलं हे पहिलंच ठिकाण.

दुसरी पाहण्याजोगी जागा मार्कनेसेजवळच्या रानात आहे. १९५१ पासून डेल्फ्टच्या जलप्रयोगशाळेनं इथे बंदरांच्या आणि नदीमुखांच्या मोठ्या प्रतिकृती उघड्यावर बांधल्या. जागा हेरून निवडलेली होती. शेजारच्या जुन्या भूमीवरचं पाणी पोल्डरपेक्षा उंचावर असल्यानं ते पंपाशिवाय आपोआप प्रतिकृतींत वाहत येई. पुण्याजवळ खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात ज्या प्रकारचं काम चालतं, तेच हे. नव्वदच्या दशकात संगणकानं हे काम हिसकावलं, प्रयोगशाळा गेली आणि झाडांनी सगळं वेढलं. आज शेवाळलेल्या काँक्रीटवरून ओहोळ वाहतात आणि लोक तिथे फिरायला येतात.

एका बाबतीत मात्र आखणाऱ्यांची चूकच झाली. हा पोल्डर त्यांनी जुन्या भूमीला थेट चिकटवला. परिणामी पलीकडच्या उंच जमिनीतलं भूजल इकडे झिरपू लागलं आणि तिथली माती कोरडी पडू लागली. नंतरचे फ्लेवोलंडचे पोल्डर करताना जुनी जमीन आणि नवी जमीन यांच्यामध्ये तळ्यांचा पट्टा मुद्दाम सोडला, तो या अनुभवामुळे.

चिखलाची मात्र माती उत्तम झाली. गाजर, कांदा, बीट, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बटाट्याचं बेणं. बेण्याची तपासणी करणारी राष्ट्रीय संस्था एमेलोर्डमध्येच आहे. वसंतात ट्यूलिपचे पट्टे फुलतात, पण शेतकऱ्याला फूल नकोच असतं. त्याला हवा कंद. म्हणून फूल पुरतं उमललं, रोग आणि जात तपासून झाली, की यंत्र फिरवून फुलांची मुंडकी छाटतात. पाकळ्या सऱ्यांमध्ये पडून राहतात आणि देठं, पानं कंद पोसत बसतात.

तेव्हा कुणाला ट्यूलिपच पाहायचे असतील तर एप्रिलचा उत्तरार्ध गाठावा. मे उजाडला की यंत्र फिरायला लागतं. एमेलोर्डला रेल्वे नाही. लेलीस्टाडला किंवा झ्वोलला उतरून बस पकडावी लागते आणि पुढे खेड्यांसाठी सायकल. अंतरं तिच्यासाठीच मोजलेली आहेत.

पुढच्या लेखांकात : मुद्दाम राखून ठेवलेल्या तळ्यांपलीकडचे, दक्षिणेचे दोन पोल्डर.